आबांचा डावा हात

नर्सिंग कॉलेजच्या सरावखोलीत एकच पेशंट होता. तो कधी बरा होत नसे आणि कधी दगावतही नसे. मुली त्याला आबा म्हणत.

आबा म्हणजे माणसाच्या उंचीचा रबरी पुतळा. टक्कल, जरा बसकं नाक आणि ओठांची ठेवण अशी, की काहीतरी बोलायचं होतं पण राहून गेलं. उजव्या हाताच्या कातडीखालून बारीक नळ्या फिरवलेल्या होत्या आणि खाटेमागच्या स्टँडला लाल रंगाच्या पाण्याची पिशवी टांगलेली असे. सुई शिरेत बरोबर गेली की सिरिंजमध्ये लाल पाणी येई, चुकली की नुसती हवा. डावा हात मात्र भरीव रबराचा. त्यात नळी नाही, पाणी नाही. त्याला बँडेज बांधायचं, त्याची नखं साफ करायची, एवढाच त्याचा उपयोग.

ही खोली आणि खोलीमागची कचऱ्याची कोठी मुलींना शिकवणाऱ्या ताईंच्या ताब्यात होती. कोठीत कॉलेजचा आणि विद्यापीठाच्या तळमजल्यावरच्या दवाखान्याचा कचरा जमा होई. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, नळ्या नि हातमोजे लाल पिशवीत, काच निळ्या खोक्यात आणि सुया पांढऱ्या जाड डब्यात. त्या डब्याचं झाकण एकदा बसलं की पुन्हा उघडत नाही. नव्या मुली आल्या की ताई त्यांना पहिल्याच दिवशी सांगत, "सुई टोचताना घाबरलात तर मी समजून घेईन. टाकताना मात्र घाबरलंच पाहिजे."

मुली माना डोलावत. पण आबांच्या बाबतीत सगळ्यांचाच हात ढिला पडे. आबांचं रक्त खोटं, आजार खोटा, तेव्हा त्यांचा कचराही खोटा, असं जणू ठरूनच गेलं होतं. आबांना टोचलेली सुई कधी टेबलावर सापडे, कधी कापसात, एकदा तर कुणाच्या कंपासपेटीत. "अगं, आबा खोटे आहेत, सुई खरी आहे," ताई ओरडत. मुली "हो ताई" म्हणत आणि ताईंची पाठ वळली की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

कचरा उचलायला मामा होते. ते नेमके कुणाचे मामा हे त्यांनाही आठवत नसावं. माणूस कष्टाळू, पण काटकसरीचा भारी सोस. पिवळी पिशवी अर्धी रिकामी जाताना पाहिली की त्यांचा जीव तुटे. मग दवाखान्याची अर्धी आणि सरावखोलीची अर्धी अशा दोन पिशव्या ते गुपचूप एकीत ओतत. बांधलेली पिशवी पुन्हा सोडायची नाही हा नियम त्यांना तोंडपाठ होता. तो ते इतरांना सांगतही असत.

"ताई, कचऱ्याला कसलं आलंय आपलं नि परकं?" पकडले गेले की ते म्हणत. "एकाच गाडीतून जाणार, एकाच भट्टीत जळणार. पिशवी वाचली तर कॉलेजचंच भलं."

एका सकाळी मामांनी अशीच एक पिशवी भरली आणि घाईत गाठ सैल मारली. गाडी फाटकाशी येऊन हॉर्न वाजवत होती. गाठ सुटत चाललेली दिसली, तशा ताई पुढे झाल्या. त्यांनी पिशवीचं तोंड धरून पीळ दिला आणि डाव्या हाताच्या तर्जनीत काहीतरी खसकन घुसलं.

हातात मोजे होते. पण सुईपुढे मोजा म्हणजे कागदच. ताईंनी हात झटकला, सुई आत कुठेतरी पडली. मोज्याच्या टोकावर एक लाल ठिपका हळूहळू मोठा होत होता.

इतकी वर्षं मुलींना जे शिकवलं तेच त्यांनी केलं. मोजा काढला, बोट वाहत्या पाण्याखाली धरलं, साबण लावला. बोट दाबलं नाही, चोखलं नाही. नळ बंद करून त्या बाहेर आल्या तेव्हा पिशवी गाडीत चढली होती आणि गाडी वळणाआड गेली होती. फोन करून ती थांबवता आली असती. पण पिवळी पिशवी उपसून त्यातली सुई शोधायला हात कुणाचा घालणार? ताईंनी तो कुणालाच घालू दिला नसता.

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई वयाने ताईंच्या लेकीएवढ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि जरा वेळ पेनाचं टोपण उघडझाप करत बसल्या.

"सकाळी एका पेशंटचं रक्त काढलंय, ताई. त्याला हिपॅटायटिस बी आहे. रक्तातून पसरणारी कावीळ. आमचा सुयांचा डबा गच्च भरला होता. नवी सिस्टर म्हणते, बहुतेक सुई कापसाबरोबर पिवळीत गेली."

"बहुतेक?"

"तिला नक्की आठवत नाही. रडतेय बिचारी."

रडणारी आणखी एक जण दारात उभी होती. जाड चष्म्याची एक विद्यार्थिनी, वर्गात सगळ्यांत हुशार. "ताई, मीपण टाकली होती पिवळीत. आबांची होती ना, म्हणून..."

म्हणजे पिशवीत एक सुई विषारी रक्ताची असू शकत होती आणि एक नुसत्या रंगीत पाण्याची. कुठली टोचली हे सांगायला सुईच जागेवर नव्हती.

"लस घेतलीय ना तुम्ही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"घेतलीय. पुन्हा पुन्हा घेतलीय. माझ्या अंगी लागतच नाही. असतात म्हणे काही जण असे." ताई हसल्या. "आयुष्यात कधी सोडतीत नंबर लागला नाही, इथे बरा लागला."

डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं, रक्त घेतलं, आणि सांगितलं की अधूनमधून तपासत राहू, पण खात्रीने सांगायचं तर सहा महिने थांबावं लागेल. मग टोपण लावून त्या म्हणाल्या, "घरी नातू आहे ना? त्याला खुशाल घ्या. जवळ घेतल्याने हा आजार लागत नाही. तुम्हाला मी काय सांगणार, तुम्हीच शिकवता हे."

खरंच होतं. ताई हे दरवर्षी फळ्यावर लिहून शिकवत. पण कळणं आणि वळणं यांत जे अंतर असतं, ते त्यांना त्या संध्याकाळी घराच्या उंबऱ्यावर दिसलं. लेक बाळाला घेऊन पुढे आली. जेमतेम महिन्याचं बाळ, मूठ गालाशी धरून झोपलेलं.

"आई, धर जरा. पाठ धरलीय माझी."

"गादीवर ठेव त्याला. मी बघते."

"अगं, गादीवर ठेवलं की उठतो तो."

"उठू दे. बाहेरून आलेय मी."

त्या दिवशी ते खपून गेलं. दुसऱ्या दिवशी ताईंना सर्दी झाली, तिसऱ्या दिवशी खांदा दुखला. लेकीला खरं सांगून ओल्या बाळंतिणीच्या जिवाला घोर लावायचा नाही, हे त्यांनी ठरवलेलं. त्यामुळे सबबी संपत चालल्या. बाळ रडलं की ताई त्याच्यापासून हातभर अंतरावर उभ्या राहून गाणी म्हणत. एकदा लेक न राहवून म्हणाली, "आई, तुला नातू नको होता का? खरं सांग. मी काही म्हणणार नाही." ताईंनी भांडी घासायला घेतली. आधीच घासून ठेवलेली भांडी.

सुई टोचली त्याच्या दुसऱ्याच दिवशी ताईंना आबांच्या डाव्या हातावर ती खूण दिसली होती.

मुली बँडेज सोडवून गेल्या होत्या आणि ताई बोटं पुसत होत्या. तर्जनीच्या टोकाला एक बारीक भोक होतं. उजव्या हाताची तर सुयांनी चाळणच झाली होती, पण डाव्या हाताला कुणी कधी टोचत नसे. ताईंनी बोट जरा दाबलं. भोकातून लाल थेंब वर आला, गोल, टपोरा.

त्यांनी तो कापसाने टिपला. पुन्हा दाबलं. पुन्हा थेंब.

कुणीतरी खोडसाळपणा करून भोकात रंग भरला असणार, असं त्यांनी मनाशी म्हटलं. त्यांनी हात वळवून खांद्याजवळचा जोड तपासला. आतलं रबर कोरडं, एकसंध होतं. स्वतःच्या बोटावरची चिकटपट्टी त्यांनी उगाच एकदा दाबून पाहिली आणि कामाला लागल्या.

त्यानंतर दुपारच्या सुट्टीत ताई आबांच्या खाटेशेजारी स्टूल ओढून बसू लागल्या. घरी तोंड बंद, दवाखान्यात सगळे दयेने बघणार. बोलायचं कुणाशी? आबा बरे होते. ऐकून घेत, सल्ला देत नसत.

"आज हसला म्हणे," ताई डबा उघडत सांगत. "आईकडे बघून. मी दारात उभी होते. माझ्याकडे बघून हसला असता तर मी काय केलं असतं, आबा? हात मागे बांधूनच उभी होते मी."

मामा एकदा दारातून डोकावून म्हणाले, "ताई, आबा काय म्हणतात?"

"म्हणतात, मामांना सांगा, दोन पिशव्या एकीत ओतू नका."

मामांनी कान पकडले. सुई टोचली त्या दिवसापासून त्यांनी एकही पिशवी पुन्हा सोडली नव्हती आणि ताईंच्या डोळ्याला डोळाही भिडवला नव्हता. "बघून नाही वाटत," ते एवढंच पुटपुटले, "पण ऐकत असतील हं ते."

दुसरा महिना सरता सरता ताईंच्या तोंडाची चव गेली. अन्नाचा वास नकोसा झाला. जिने चढताना पाय जड होऊ लागले, लघवी गडद होऊ लागली. काय होतंय हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. सकाळी आरशासमोर उभं राहून, पापणी खाली ओढून त्या डोळ्यांतला पांढरा भाग बघत. कोपऱ्यात फिकट पिवळसर छटा होती. किंवा नव्हती. खिडकीतून येणारं ऊनही पिवळंच होतं.

डॉक्टरीणबाईंकडे जायला हवं होतं. ताईंनी ते एक दिवस पुढे ढकललं. दुपारी त्या आबांजवळ गेल्या. डबा उघडलाच नाही.

"आबा," त्या म्हणाल्या, "मला वाटतं ती तुमची सुई नव्हती."

बाहेर मैदानावर कुणीतरी चेंडू आपटत होतं. पडद्यातून आलेली उन्हाची पट्टी चादरीवर पडली होती.

"माझं काय व्हायचं ते होवो. एकदा त्याला घ्यायचंय. काही न घाबरता. बस."

त्यांनी खाटेच्या कडेवर डोकं टेकलं. डोळा कधी लागला ते कळलं नाही.

जाग आली तेव्हा उन्हाची पट्टी भिंतीवर सरकली होती. ताईंचा डावा हात चादरीवर होता आणि त्याच्यावर आबांचा डावा हात पालथा पडलेला होता. भरीव रबर ते, चांगलंच वजनदार. झोपेत आपणच हात त्याखाली सरकवला असणार, ताईंनी विचार केला. त्यांनी आपला हात सोडवून घेतला. बोटांना मुंग्या आल्या होत्या.

मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला भूक लागलीय.

नुसती नाही, कडकडून. त्यांनी गार झालेला डबा तिथेच बसून संपवला, बोटं चाटली. संध्याकाळी जिना चढताना त्या वरच्या पायरीवर थांबल्या. धाप लागली नव्हती. डॉक्टरीणबाईंकडे त्या दुसऱ्या दिवशी गेल्या. रक्तात काही निघालं नाही.

"पित्त झालं असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काळजीनेही होतं."

त्याच आठवड्यात चष्मेवाली सिरिंज हातात धरून ताईंकडे आली.

"ताई, आबांचं रक्त असं का येतंय?"

सिरिंजमधलं पाणी लाल नव्हतं, गडद होतं, तपकिरीकडे झुकलेलं. ताईंनी स्टँडवरची पिशवी बदलली. नळाचं पाणी घेऊन चष्मेवालीसमोरच त्यात नवा रंग कालवला, आबांच्या हातातल्या सगळ्या नळ्या साध्या पाण्याने धुऊन काढल्या. मुलीने पुन्हा सुई घातली. सिरिंजमध्ये स्वच्छ, तांबडं पाणी आलं.

"नळ्यांत घाण साठली होती गं," ताई म्हणाल्या.

ती सिरिंज टेबलावर तशीच राहिली. थोड्या वेळाने ताई ती उचलायला गेल्या, तेव्हा आतलं पाणी हलेना. त्यांनी सिरिंज उलटी केली. खाली एक गडद गोळा बसला होता आणि वर पिवळसर, पातळ पाणी तरंगत होतं.

रक्त तसंच ठेवलं की असं होतं. रंगाचं पाणी कितीही ठेवा, रंगाचं पाणीच राहतं.

चष्मेवाली बाजूलाच उभी होती. तिनेही पाहिलं. ताईंनी ती सिरिंज सुईसकट पांढऱ्या डब्यात टाकली आणि झाकण दाबलं.

महिने गेले. मुलींची परीक्षा आली नि गेली. ताईंची भूक टिकली, रंग उजळला. मामा म्हणू लागले, "ताई, तुम्ही तर उलट तरुण व्हायला लागलात." ठरलेल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी शेवटचं रक्त घेतलं आणि संध्याकाळी स्वतःच वर आल्या. नेहमी शिपायाला पाठवणाऱ्या बाई जिने चढून आल्या, हे पाहून ताई हातातलं काम टाकून उभ्या राहिल्या.

"काही नाही," डॉक्टरीणबाई दारातूनच म्हणाल्या. "ताई, काहीही नाही. स्वच्छ आहे सगळं. ती आबांचीच सुई होती बघा."

ताई स्टुलावर बसल्या. त्यांना वाटलं होतं आपण रडू. रडू आलंच नाही. नुसता एक लांब श्वास सुटला, इतका लांब की इतके महिने तो आत कुठे मावला होता कोण जाणे. मामांनी पाणी आणलं आणि त्या निम्मं पिईपर्यंत तेच हुंदके देत उभे राहिले. शेवटी उरलेलं पाणी ताईंनी त्यांनाच पाजलं.

घरी पोचल्यावर ताईंनी चपलासुद्धा नीट काढल्या नाहीत. लेक बाळाला भरवत होती.

"दे इकडे," ताई म्हणाल्या.

"अगं, तोंड बरबटलंय त्याचं."

"बरबटू दे. दे."

बाळ आता बसू लागलं होतं, अंगाने भरलं होतं. ते ताईंच्या कडेवर आलं, क्षणभर परक्यासारखं त्यांच्याकडे बघत राहिलं, मग त्याने आपला चिकट हात सरळ त्यांच्या गालावर आपटला. ताईंनी त्याच्या मानेच्या वळीत नाक खुपसलं. दुधाचा आणि साबणाचा वास. जीव भांड्यात पडतो म्हणतात, तो असा पडतो हे त्यांना आज कळलं. मग ताईंनी बाळाला न सोडता सगळं सांगितलं. लेक आधी रागावली, मग रडली, मग हसली. "वेडी आहेस तू आई," ती म्हणाली, "शिकली-सवरलेली वेडी." त्या रात्री बाळ आजीच्या कुशीत झोपलं.

सकाळी ताई लवकर कॉलेजला गेल्या. आबांना सांगायचं होतं.

चष्मेवाली त्यांच्याआधी आली होती. तिला पेशंटच्या डोळ्यांच्या तपासणीचा सराव करायचा होता. आबांच्या पापण्या एरवी मिटलेल्या असत, बोटाने वर कराव्या लागत.

"ताई," ती म्हणाली, "जरा बघता?"

खिडकी उघडी होती. ऊन अजून या बाजूला आलं नव्हतं. उजेड पांढरा, स्वच्छ होता.

मुलीने एक पापणी वर केली. मग दुसरी.

पांढरा भाग हळदीसारखा पिवळा झाला होता. दोन्ही डोळ्यांत. फक्त डोळ्यांतच नाही. ताई वाकल्या. नखांखालीही पिवळं होतं, आणि ओठांच्या आतल्या कडेला.

"रबर आहे ना," मुलगी म्हणाली. तिचा आवाज जरा चढाच लागला. "जुनं झालं की पिवळं पडतंच."

"पडतंच," ताई म्हणाल्या.

त्यांनी आबांचं तोंड नीट पुसलं. उशी सारखी केली. डावा हात खाटेबाहेर लोंबत होता, तो दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ धरून ठेवला, मग चादरीवर ठेवला. त्यानंतर त्या नळाशी गेल्या आणि शिकवल्याप्रमाणे, कोपरापर्यंत, सावकाश हात धुतले. कपाटातून हातमोज्यांचा नवा खोका काढून त्यांनी तो आबांच्या उशाशी ठेवला.

"सगळ्या मुलींना सांग," त्या म्हणाल्या. "आजपासून मोजे घातल्याशिवाय आबांना हात लावायचा नाही."

चष्मेवालीने खोक्याकडे पाहिलं, मग आबांकडे.

"आबांना जपायला हवं, म्हणून ना?"

ताईंनी आबांच्या पापण्या एकेक करून मिटल्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला."